मेल्यानंतर एम्ब्रेटने काय पाहिलं

१

शुक्रवारी दुपारी एक वाजता आमच्या सहकारी दुकानाच्या फलकावर आस्ले होव्डेनचा आयकर सापडला. एका बाजूला हरवलेल्या मांजराची चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला चर्चमधल्या वाफलची जाहिरात, आणि मधोमध आस्ले. निव्वळ उत्पन्न, निव्वळ संपत्ती आणि शेवटी कर: दोन कोटी एकतीस लाख क्रोन. सगळं छापील. त्याखाली मात्र पेन्सिलने, सुबक अक्षरात एक ओळ होती.

"कॉफी, एक कप, ५ क्रोन. दिलेले नाहीत."

चारही कोपऱ्यांना एकेक टाचणी. मांजरासकट बाकी सगळे कागद एकेका टाचणीवर लोंबकळत होते.

चौदा जणांनी तो कागद वाचला, काहींनी दोनदा, आणि कोणीच काढला नाही. आमच्या स्कार्वोय बेटावर दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावत नाहीत, फक्त बघतात. मग आस्ले खमीर घ्यायला आला.

आस्लेची समुद्रात सामन माशांची सोळा जाळी आहेत. त्याने कागद वाचला, खमिराची पुडी परत जागेवर ठेवली आणि दुकानाकडे वळून म्हणाला, "मी भरतो त्या करातून बेटाच्या वाट्याला जे येतं, त्यावर टेकडीवरचं शुश्रूषागृह चालतं. आणि तुम्ही मला पाच क्रोनसाठी टांगता?"

मांजर सापडलं का, असं कोणीतरी हळूच विचारलं.

"ज्याने हे लावलं त्याने सोमवारपर्यंत माझ्यासमोर येऊन माफी मागायची. मागितली तर मी राहतो. नाहीतर नवीन वर्ष उजाडायच्या आत मी स्वित्झर्लंडला. एक जानेवारीला माणूस जिथे राहतो तिथेच संपत्तीचा कर भरतो, हे बोर्गहिल्डला विचारा."

बोर्गहिल्ड आउने त्याच्या मागेच, बटाट्यांपाशी उभी होती. वय शहात्तर, त्यातली चाळीस वर्षं कर कचेरीच्या खिडकीत. तिने फक्त मान हलवली. तिच्या पिशवीतले दोन बटाटे खाली पडले आणि तिने ते उचलले नाहीत, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

टेकडीवरच्या घरात सहा खाटा आहेत. चौथ्या खाटेवर तिचा नवरा टोर्लाइफ आहे. त्याच्या डोक्यातून वर्षं गळत चालली आहेत, अलीकडची आधी. बोर्गहिल्ड रोज दहाला जाते आणि स्वतःची ओळख करून देते: "मी बोर्गहिल्ड. आपलं लग्न झालंय." रोज त्याला ही आनंदाची बातमी वाटते. साडेअकराला ती निघते आणि बातमी पुसली जाते. आस्लेचा पैसा गेला तर घर बंद करायचं, असं नगरसभेच्या कागदात आधीच छापलं होतं. मग टोर्लाइफ मुख्य भूमीवर जाणार, दोन फेरीबोटी आणि एक बस ओलांडून. तिथे त्याला ही बातमी रोज सांगणार कोण?

दाराबाहेर तिने माझी बाही धरली. "सिवेर्ट, तुझी गाडी चालू आहे का?"

मी बेटाच्या साप्ताहिकाचा संपादक आहे. वार्ताहरही मीच आणि अंक घरोघर टाकणाराही मीच, त्यामुळे गाडी आहे. "उतारावर चालते," मी म्हणालो.

"मग आस्लेच्या घरापासून सुरू करू. ते खाली आहे."

२

दुसऱ्याचा कर बघायला आमच्या देशात कोणालाच मनाई नाही. नाव टाकलं की आकडा दिसतो. पण काही वर्षांपूर्वी सरकारने त्यात एक खोच घातली: तुम्ही ज्याचा कर बघाल, त्याला तुमचं नाव दिसतं. त्या दिवशी बेटावरची उत्सुकता मेली नाही, नुसती एका माणसाकडे राहायला गेली. एम्ब्रेट लीन, वय एक्याण्णव, टेकडीवरचं घर, पाचवी खाट. त्याला लाज नव्हती आणि वारसही नव्हते. दर डिसेंबरात लोक चिठ्ठीवर शेजाऱ्याचं नाव लिहून दालचिनीच्या पावाबरोबर त्याच्याकडे न्यायचे. तो स्वतःच्या नावाने बघायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. बेटावर सगळ्यांच्या यादीत दरवर्षी एकच नाव दिसायचं, आणि सगळे म्हणायचे, "काय हा एम्ब्रेट, किती भोचक!"

आस्लेने आम्हाला बसायला सांगितलं नाही, पण फोन दाखवला. खोलीत समुद्राकडच्या खिडकीखाली लाकडी जमिनीवर एक फिकट चौकोन होता.

"पियानो कुठे गेला?" बोर्गहिल्डने विचारलं.

"ट्यूनिंगला."

"केव्हापासून?"

"ऑक्टोबर. तू पियानो शोधायला आलीस का?"

ती त्या चौकोनाकडे फोनपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

"मला एक सांग," आस्ले म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "माझी संपत्ती जाळ्यात पोहतेय. विकलेली नाही. एखाद्या वर्षी माशांना उवा पडतात आणि अर्धी मरते. तरी तिच्यावर कर, नफा होवो न होवो. तो भरायला कंपनीतून पैसा उपसायचा. हीच कंपनी लंडनच्या कोणी घेतली तर त्याला हा कर नाही. मी इथला आहे म्हणून मला आहे. चाळीस वर्षं होतीस ना तू कचेरीत? हे न्याय्य आहे?"

"लोक खिडकीशी येऊन हेच विचारायचे."

"मग काय सांगायचीस?"

"मागच्या बाजूलाही सही लागते, म्हणून."

आस्लेला हसू आलं असतं, पण त्याने ते आवरलं. बोर्गहिल्डने चष्मा लावून फोन जवळ धरला. त्याचा कर कोणी पाहिला याची यादी फक्त एका ओळीची होती. गुरुवार, सकाळी अकरा बावन्न.

नाव: एम्ब्रेट लीन.

शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. अठ्ठावीस नोव्हेंबर, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी. तो फार जड होता, पावांमुळे.

३

मेलेला माणूस आस्लेचा कर बघून गेला, ही बातमी बेटाने शांतपणे स्वीकारली. "त्याला चैन पडणारच नाही," ओड्वार म्हणाला.

शनिवारी आम्ही दुकानाच्या कॉफीच्या कोपऱ्यात बसलो होतो. थर्मास, कप आणि पैसे टाकायचा पत्र्याचा डबा. कोणी पहारा करत नाही. आस्लेवर दात असणारी दोनच माणसं बेटावर होती आणि दोघं रोज याच बाकावर बसायची. ओड्वार मच्छीमार, गुड्रुन मास्तरीण. बारा वर्षं दोघांचा एकच वाद चालू होता, आणि त्यात अजून कोणी जिंकलं नव्हतं.

"मी टांगला असता तर माझाच टांगला असता," ओड्वार म्हणाला. "वादळात जाऊन जास्त मासे आणले की कराचा टक्का वाढतो. म्हणजे देश मला सांगतो, ओड्वार, बुडायचंच असेल तर स्वस्तात बूड. सगळ्यांना एकच टक्का लावा. शंभरातले वीस. मोजायला सोपं, रडायला सोपं."

"आणि वीस टक्के गेल्यावर ज्याच्याकडे जेवायला उरत नाही, त्याने?" गुड्रुनने विचारलं.

"त्याने मासे खावे."

"रस्ता तुला फुकट, डॉक्टर फुकट, तुझ्या तीन पोरांना वाचायला मी शिकवलं."

"दोघांना. तिसऱ्याला अजून येत नाही."

"मग तिसऱ्याचे परत मागतोस?"

"मागतोय ना! बारा वर्षं मागतोय!"

"ज्याचे खांदे रुंद त्याने जास्त उचलायचं, एवढंच माझं म्हणणं आहे," गुड्रुन म्हणाली. "आस्लेने उचललं, त्याबद्दल मी त्याला टांगणार नाही. तो जाईन म्हणतो, त्याबद्दल टांगेन. पण ते काल दुपारनंतर."

"गुरुवारी अकरा बावन्नला कुठे होतात?" बोर्गहिल्डने विचारलं.

ओड्वार समुद्रात होता, जिथे फोन लागत नाही. गुड्रुन वर्गात होती, अकरा साक्षीदारांसमोर. त्यातल्या तिघांना घड्याळ कळतं. मी स्वतः अंथरुणात होतो. साक्षीदार कोणी नाही, ही माझी जुनीच तक्रार आहे.

बोर्गहिल्डने डब्यात नाणं टाकलं. "कॉफी किती झालीय आता?"

"वीस," गुड्रुन म्हणाली.

"पाच केव्हा होती?"

ओड्वारने टकलावरून हात फिरवला. "पाच होती तेव्हा मला केस होते."

बोर्गहिल्डचा कप ओठांपाशीच थांबला. मग तिने तो पूर्ण भरलेला खाली ठेवला. वीस क्रोन दिलेली कॉफी तिने आयुष्यात पहिल्यांदा टाकली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"टेकडी चढणार नाही ती."

"मग ढकलू."

४

गाडी ढकलत आम्ही टेकडी चढलो. भरदुपारी काळोख होता. आमचा सूर्य नोव्हेंबरात जातो तो जानेवारीत येतो. त्यालाही इथला कर परवडत नसावा.

घराची परिचारिका हाल्डिस हिने पाचव्या खाटेचं कपाट उघडून दाखवलं. एम्ब्रेटचा लॅपटॉप, आणि बँकेचं ते पेटीच्या किल्लीएवढं यंत्र, ज्यावर दाबलं की आकडे येतात आणि माणूस तोच असल्याचं सिद्ध होतं.

"बँकेला कळवलं नाहीस तो गेल्याचं?" बोर्गहिल्डने विचारलं.

"मला वाटलं चर्चने कळवलं. चर्चला वाटलं नगरसभेने कळवलं."

"आणि परवलीचा शब्द?"

"वाफल," हाल्डिस म्हणाली. मीही तिच्याबरोबरच म्हणालो. अख्ख्या बेटाला तो माहीत होता. सगळेच कधी ना कधी पाव घेऊन त्याच्या शेजारी बसले होते. संशयित पुन्हा बेटावरचे सगळे चारशे बारा झाले.

"अंगात त्राण असलेलं कोणी गुरुवारी आत आलं होतं का? बाहेरचं?"

"तुझ्याशिवाय कोणी येत नाही, बोर्गहिल्ड. एम्ब्रेट गेल्यापासून पावसुद्धा येत नाही."

शेजारच्या खाटेवरून टोर्लाइफ उठला. उंच, स्वच्छ दाढी केलेला, कानामागे पेन्सिल. तीस वर्षं तो सहकारी दुकानाचा व्यवस्थापक होता आणि पेन्सिल त्याच्या कानाला अजून आठवत होती. भिंतीवर जेवणाचा तक्ता एका टाचणीवर तिरका लोंबत होता. त्याने तो सरळ केला, खिशातून टाचण्या काढल्या आणि उरलेले तीन कोपरे पक्के केले. मग त्याने आमच्याकडे अभिमानाने पाहिलं.

"काल दुकानात गेला होतास ना?" बोर्गहिल्डने हळूच विचारलं.

"शुक्रवारी सगळ्यांना नेतो आम्ही, कॉफीला," हाल्डिस म्हणाली. "तो नेहमीसारखा फलक नीट करत बसला."

टोर्लाइफ बोर्गहिल्डकडे बघत होता. सभ्यपणे, जसं गिऱ्हाइकाकडे बघतात. "आपल्याला काय हवंय?"

मी बोर्गहिल्डकडे पाहिलं. "सिवेर्ट," ती म्हणाली, "तुझा फोन दे. मला माझी स्वतःची यादी बघायचीय."

"तुझा कर कोण बघणार आहे?"

"तेच. म्हणून मी कधी बघितलीच नाही."

५

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तिने कोटाच्या आतल्या खिशातून आपलं यंत्र काढलं, आकडे टाकले, पान उघडलं आणि ते शेवटपर्यंत सरकवलं. मग फोन माझ्या हातात दिला.

बोर्गहिल्ड आउनेचा कर कोणी पाहिला: एम्ब्रेट लीन. एम्ब्रेट लीन. एम्ब्रेट लीन. मी मोजलं. मयताच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस, रोज एकदा. अकरा एकेचाळीस. अकरा एकोणचाळीस. अकरा त्रेचाळीस. एकही दिवस चुकलेला नाही.

"तू साडेअकराला निघतेस," मी म्हणालो.

"हो."

"आणि तो..."

"मी गेले की उठतो आणि शेजारच्या कपाटाशी जातो. आत्ता इथे एक बाई होती, म्हणाली आपलं लग्न झालंय. खरं की खोटं, कोणाला विचारणार? एम्ब्रेट हयात असताना लोक त्याला नावं विचारायचे आणि त्या यंत्रात माणसं सापडायची, हे त्याने दोन वर्षं शेजारून पाहिलंय. तेवढं डोक्यात राहिलं." तिने नाक पुसलं. "माझं नाव टाकतो, पेन्शनचा आकडा येतो. म्हणजे आहे अशी बाई."

तिने पुढचं कचेरीतल्या आवाजात सांगितलं, खिडकीतून बोलावं तसं. पाच क्रोन ही थट्टा नव्हती, भाव होता. लिहिणाऱ्याच्या डोक्यात अजून तोच चालू होता. चार टाचण्या लावायची शिस्त बेटावर एकाच माणसाला होती. फलकापाशी त्याला चौदाच काय, चाळीस जणांनी पाहिलं असेल, पण तो तिथे तीस वर्षं उभाच होता. पोस्टाच्या पेटीकडे कोणाचं लक्ष जातं का? गुरुवारी माझ्या बायकोचं नाव पाहून झाल्यावर त्याला एक जुनी बाकी आठवली असेल, मग त्याने नाव टाकलं, हॉलमधल्या यंत्रावर कागद छापला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन लावला, जसा तो नेहमी लावायचा.

"माझ्या बायकोचं" हे ती म्हणाली. तिच्या लक्षात आलं नाही. मीही दुरुस्त केलं नाही.

"कोणाला सांगायचं नाही," मी म्हणालो. "मी माफी मागतो. मी लावला म्हणतो. मला कोणी मानत नाही, काय फरक पडतो?"

"अक्षर त्याचं आहे. शुक्रवारी मी चष्मा न लावता पाहिलं आणि आस्लेने रागात. पण त्याची आई त्या दुकानात अकरा वर्षं कामाला होती, शांतपणे पाहिलं की तो ते ओळखेल." ती उठली. "चल. शर्टाला इस्त्री करायचीय."

६

सोमवारी दहा वाजता आस्ले टेकडीवर आला. टोर्लाइफ इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बोर्गहिल्डने त्याला आपली बातमी आधीच सांगितली होती, त्यामुळे तो खुशीत होता.

आस्ले दारातच थांबला. पेन्सिल बघून त्याला सगळं कळलं असावं. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

टोर्लाइफ उठून उभा राहिला. "मला माफ कर," तो स्पष्ट म्हणाला. "कशाबद्दल ते आठवत नाही. पण तू चांगला मुलगा दिसतोस, म्हणजे चूक माझीच असणार."

इतकी चांगली माफी मी आयुष्यात ऐकलेली नाही. आस्लेचे डोळे भरले. त्याने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. बोर्गहिल्डने खिडकीचा कठडा धरला होता.

"आस्ले ना तू? होव्डेनच्या मार्टाचा?"

"हो."

"पाच क्रोन राहिलेत तुझे."

आस्ले हसला आणि एका खिशात हात घातला. मग दुसऱ्या. फोन निघाला, कार्ड निघालं, बोटीची किल्ली निघाली. आमच्याकडे नाणी आता म्हातारी माणसं आणि डबे यांच्याकडेच असतात. मी माझे खिसे पाहिले. माझ्याकडेही नव्हतं.

"हे घर माझ्याच..." आस्ले म्हणाला आणि थांबला.

"ते वेगळं," टोर्लाइफ समजूत घालत म्हणाला. "ही कॉफी आहे. असू दे, वहीत लिहून ठेवतो. उद्या आण."

"उद्या," आस्ले म्हणाला.

एकोणतीस डिसेंबरच्या फेरीबोटीने तो स्वित्झर्लंडला गेला. माझ्या साप्ताहिकाला त्याने पत्र पाठवलं: प्रश्न पैशाचा नसून वातावरणाचा आहे. मी ते छापलं, मांजर सापडल्याच्या बातमीखाली.

"पण माफी मागितली होती!" मी बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरात ओरडलो. "सगळ्यांसमोर म्हणाला होता, मागितली तर राहतो!"

"पियानो ऑक्टोबरात गेला, सिवेर्ट. ट्यूनिंगला पियानो जात नसतो, ट्यून करणारा येतो."

"म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"जमिनीवरचा चौकोन बघितला तेव्हा."

"मग दोन दिवस शोधलंस कशाला?"

तिने बटाटा सोलून संपवला. "दुसरं काय शोधणार होते?"

७

गुन्हा सापडला, गुन्हेगार सापडला, कलम मात्र सापडलं नाही. कर बघणं कायदेशीर, टांगणं कोणाला खटकत नाही, आणि दुसऱ्या देशात राहायला जाणं तर सगळ्यांत कायदेशीर. ओड्वार म्हणाला, बघ, जास्त पिळलं की माणूस पळतो. गुड्रुन म्हणाली, बघ, पळू दिलं की म्हातारे रस्त्यावर येतात. दोघांचं म्हणणं सिद्ध झालं आणि दोघांनीही त्या दिवशी कॉफी अर्धी टाकली.

एक मार्चला टेकडीवरचं घर बंद झालं. टोर्लाइफला दोन फेरीबोटी आणि एक बस ओलांडून नेलं. पंधरा दिवसांतून एकदा बोर्गहिल्ड जाते. पोहोचेपर्यंत त्यांच्या जेवणाची वेळ होते, त्यामुळे बातमी घाईत सांगावी लागते. एम्ब्रेटचा लॅपटॉप नगरसभेने जमा केला. बँकेला तो गेल्याचं अखेर कळलं आणि तिने त्याच्या पत्त्यावर शोकसंदेश पाठवला, सोबत गृहकर्जाची जाहिरात.

एप्रिलमध्ये बोर्गहिल्डने दरवर्षीसारखा आपला करफॉर्म भरला, कागदावर, वेळेच्या आधी. मागच्या बाजूलाही सही केली.

मी एकदा तिच्याकडे असताना तिने यादी उघडली होती. नव्या वर्षाचं पान रिकामं होतं. त्या दिवसापासून मी रोज अकरा एकेचाळीसला गजर लावून उठायला लागलो आणि माझ्या स्वतःच्या नावाने तिचा कर बघायला लागलो. तिचं पेन्शन मला पाठ झालं. नवव्या दिवशी तिचा फोन आला.

"सिवेर्ट, बंद कर ते."

"यादी रिकामी दिसू नये म्हणून मी..."

"मला ठाऊक आहे. पण नवीन ओळ आली की मी चष्मा शोधायला धावते." पलीकडे काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक चष्माच. "शहात्तर वर्षांची आहे मी. रोज धावणं होत नाही."

दुसऱ्या दिवशी गजर वाजला तेव्हा मी तो बंद केला आणि अंथरुणातच पडून राहिलो. अकरा एकेचाळीस झाले. मग अकरा बेचाळीस झाले.